तक्त्यावर ‘नको’ आहे का?

वाचा गेलेल्या माणसाच्या घरात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘त्यांना सगळं कळतं बघा, फक्त बोलता येत नाही.’ एवढं सांगून झालं की घरातली माणसं त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायला लागतात. रात्री झोपत नाहीत, चिडचिड फार वाढलीय, परवा ताटच ढकललं. खाटेवरचा माणूस हे सगळं ऐकत असतो. त्याला कळतं हे सगळ्यांना मान्य, पण त्यालाच विचारावं असं फारसं कुणाच्या मनात येत नाही.

मी वाचा-उपचाराचं काम करते. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच बसलंय) राहुरी, नेवासा, संगमनेर, शेवगाव असं फिरणं असतं. लहान मुलांचं काम वेगळं. त्यांच्यासाठी शाळा आहेत, विशेष शिक्षक आहेत, आईबाप धडपडत असतात. मी लिहितेय ते मोठ्या माणसांविषयी. पक्षाघातात वाचा गेलेले शेतकरी, सेरेब्रल पाल्सी घेऊन तिशी ओलांडलेल्या आणि घरात अजून ‘पोरगी’च असलेल्या बायका, बौद्धिक अपंगत्व असलेले आणि रोज कार्यशाळेत पणत्या रंगवायला, फायली चिकटवायला जाणारे तरुण. यांच्यासाठी चित्रांचे तक्ते करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माणूस चित्रावर बोट ठेवतो, समोरच्याने ते वाचायचं. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली अडचण बोटाची नसतेच, मानाची असते.

नेवासा तालुक्यातल्या एका घरी सूनबाईंनी मला दारातच सुनावलं, ‘मॅडम, आमचे आबा सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्यापुढं आता अंकलिपी धरायची का?’ त्यांच्या रागात सासऱ्यांविषयीचा आदर होता, म्हणून मला तो आवडला. मी म्हटलं, ‘आबांनी आजवर मत कशावर दिलं?’ आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या पेटीवर त्याचं चिन्ह लावलं होतं. तेव्हापासून पदवीधर असो की अंगठेबहाद्दर, देशाचं सरकार आपण चित्र बघूनच निवडतो. त्याला कुणी बालवाडी म्हणत नाही. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या ज्या बायका आरोग्यसेविका झाल्या त्यांतल्या कित्येकींना अक्षर ओळखता येत नव्हतं. त्या चित्रांवरून शिकल्या आणि चित्रांवरूनच गावाला शिकवू लागल्या. त्यांच्या हातून बाळंतपणं सुखरूप झाली, पोरांचे जुलाब आटोक्यात आले. चित्र हे मोठ्या माणसाचं साधन आहे, याला आपल्या जिल्ह्याइतका जवळचा दाखला दुसरा नाही.

तरीही सूनबाईंचं म्हणणं अर्धं खरं होतं. त्यांच्या घरात मी जायच्या आधीच एक तक्ता आलेला होता. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने इंटरनेटवरून उतरवून, रंगीत प्रिंट काढून पाठवला होता. त्यात टबमध्ये अंघोळ करणारा गुबगुबीत मुलगा, बर्गर, पिवळी स्कूलबस, खेळण्यातलं अस्वल आणि काचेच्या ग्लासात निळं पाणी. चित्रांवरून बोलण्याच्या या पद्धती बऱ्याचशा मुलांसोबतच्या कामातून वाढल्या, त्याचा हा परिणाम. ब्लिस नावाच्या गृहस्थांनी जगाच्या सामायिक भाषेसाठी तयार केलेली चिन्हं टोरांटोत १९७१ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना शिकवली गेली. चित्रांची देवघेव करून बोलायची अमेरिकेतली पद्धत १९८५ साली ऑटिझम असलेल्या लहान मुलांसाठी निघाली. पुढे ही साधनं मोठ्यांपर्यंत आली, पण अनेक ठिकाणी चित्रं तीच राहिली. सत्तरीतल्या शेतकऱ्याच्या हातात मग बर्गर येतो.

आबा त्या तक्त्यावर एकाच चित्रावर बोट ठेवत, पाण्याच्या ग्लासावर. सूनबाई तांब्या-भांडं आणत. ते भांडं बाजूला सारत आणि पुन्हा ग्लासावर बोट ठेवत. पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळेला भांडं भिंतीवर जाई. घरातल्यांनी निष्कर्ष काढलेला होता : डोक्यावर परिणाम झालाय.

दिवस फेब्रुवारी संपतानाचे होते. मी त्यांच्या मुलाला विचारलं, ‘एरवी या दिवसांत आबा काय करत असतात?’ तो म्हणाला, ‘काय करणार, पाण्याच्या मागं असतात.’ म्हटलं, मोबाईल घेऊन शेतात जा आणि फोटो काढून आण. विहीर, मोटार, स्टार्टरची पेटी, ऊस, चारी, जे दिसेल ते. संध्याकाळी ते फोटो एकेक करून आबांपुढे धरले. विहीर गेली, मोटार गेली. कालव्याचं पाणी शेतात आणणाऱ्या चारीचा फोटो आला आणि आबांनी डाव्या हाताचं बोट त्यावर टेकवलं, काढलंच नाही, आणि मुलाकडे बघत राहिले.

मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘आवर्तन म्हणताय का, आबा? नाही सुटलं अजून. पंधरा तारखेला सोडणार म्हणतात.’

आबांनी बोट उचललं आणि उशीला टेकले. मुळा धरणाचा उजवा कालवा त्यांच्या गावाजवळून जातो. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, कधी सुटणार, आपली पाळी केव्हा, तोवर विहिरीवर ऊस तगेल का, हे त्या दिवसांत त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात चाललेलं बोलणं असतं. ते आबांनाही बोलायचं होतं. तक्त्यात चारी नव्हती, म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं चित्र धरलं होतं.

यानंतर आबांचा तक्ता नव्याने केला. तो करताना काय बघावं लागतं ते थोडं सांगते, कारण याची माहिती घरच्यांना सहसा कुणी देत नाही. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. ती बाजू शरीराचा उजवा भागही चालवते. म्हणून पक्षाघातात वाचा गेली की बरेचदा उजवा हातही जातो. ‘बोलता येत नाही तर लिहून दाखवा’ असं म्हणून पाटी पुढे करणारे पाहुणे असतात. पण नुसता हात गेलेला नसतो, शब्द शोधणंच बिघडलेलं असतं, त्यामुळे लिहिणंही सहसा बिघडतं. काहींची नजर उजवीकडचं टिपत नाही. डोळे धडधाकट असून उजव्या अर्ध्यातली चित्रं त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. अशा माणसाचा तक्ता डावीकडे धरायचा, चित्रं मोजकी आणि मोठी ठेवायची. चकचकीत लॅमिनेशन टाळायचं. ओट्यावर उन्हात बसलं की त्यावर आभाळाशिवाय काही दिसत नाही.

‘हो’ आणि ‘नाही’ची गंमत वेगळी. अशा माणसाच्या तोंडून किंवा मानेतून मनात ‘नाही’ असताना ‘हो’ निघून जातं. म्हणून महत्त्वाचा प्रश्न उलटा करूनही विचारायचा. ‘चहा हवा?’ला हो आलं, तर थोड्या वेळाने ‘चहा नको ना?’ असंही विचारायचं. दोन्हींना हो आलं तर उत्तर मिळालेलंच नाही, चित्राकडे वळायचं.

आणि एक गोष्ट घरच्यांना नेहमी गोंधळात टाकते. ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस हरिपाठाला बसला की मंडळींबरोबर अभंग म्हणतो. एक ते दहा आकडे घडाघडा बोलतो. शिवी तर स्वच्छ देतो. मग घरचे म्हणतात, ‘बोलता येतंय की! मुद्दाम करतात.’ मुद्दाम काही नसतं. वर्षानुवर्षं घोटून तोंडात बसलेलं बोलणं आणि आत्ताच्या गरजेपोटी नवं वाक्य जुळवणं, या मेंदूच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलं शिल्लक राहून दुसरं जाऊ शकतं. अभंग येतो याचा आनंद मानावा, उपचारात त्याचा उपयोगही होतो, पण त्यावरून माणसाला खोटं ठरवू नये.

आबांच्या तक्त्यावर मग माणसांचे फोटो आले : मुलगा, सून, नातू, श्रीरामपूरला दिलेली मुलगी, सोसायटीतले जुने सचिव. चारी, विहीर, लाईट (थ्री फेज या आठवड्यात रात्री की दिवसा, हा रोजचा प्रश्न), गाय, डेअरी, पैसे. जमिनीच्या दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे फोटो. कुठे दुखतंय ते दाखवायला माणसाची आकृती. आणि तळाशी एक कायमची ओळ, जी मी प्रत्येक मोठ्या माणसाच्या तक्त्यावर घालते : हो, नको, थांबा, परत सांगा, मला राग आलाय, आणि ‘मला म्हणायचंय ते यात नाही’. हे शेवटचं चित्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तेवढं एक असतं तर कित्येक घरांतली भांडी भिंतीवर गेली नसती.

‘नको’ला मात्र घरोघरी विरोध होतो. उघड कुणी करत नाही. पण पुढच्या खेपेला गेलं की तळाची ती ओळ कापलेली तरी असते, नाहीतर तक्ता दुमडून ती मागे घातलेली असते. भूक, तहान, संडास, दुखणं यांची चित्रं सगळ्यांना हवी असतात, कारण त्यांनी सेवा करणाऱ्याचं काम हलकं होतं. ‘नको’ने ते वाढतं.

आबांकडेच पुढे प्रसंग आला. मुलाला रस्त्याकडेचा तुकडा वाट्याने द्यायचा होता. माणूस ठरलेला होता. ‘मॅडम, तुम्ही जरा आबांना समजावून सांगा,’ म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, समजावायला मी येणार नाही, विचारायला येते. दोन्ही तुकड्यांचे फोटो पुढे ठेवले. विहिरीकडचा द्यायचा का? आबांचं बोट ‘हो’वर. रस्त्याकडचा? ‘नको’. उलट करून विचारलं, फोटोंच्या जागा बदलल्या, उत्तर तेच. मुलगा वैतागून म्हणाला, ‘पण का नको?’ आबांनी तक्ता सावकाश न्याहाळला आणि बोट श्रीरामपूरच्या मुलीच्या फोटोवर नेलं.

घरात कुणी काही बोललं नाही. मीही चहा घेऊन निघाले. पुढे त्यांच्यात काय ठरलं तो त्यांचा प्रश्न. त्या वर्षी तो तुकडा वाट्याने गेला नाही, एवढं कानावर आलं. आबांचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे ठरवणारी मी कोण? सातबारा त्यांच्या नावावर होता आणि मत त्यांचं होतं. तोवर ते विचारलंच गेलं नव्हतं.

जन्मापासून न बोललेल्या माणसांची गोष्ट आणखी अवघड. आबांना निदान सोसायटीच्या सभेत बोलल्याची सवय होती. संगमनेर तालुक्यातल्या एका घरात तिशी ओलांडलेली ताई आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे हात तिच्या मनाविरुद्ध वळतात, बोट चित्रावर थांबत नाही. डोळे मात्र थांबतात. तिच्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी केली, चार कोपऱ्यांत चार चित्रं. पाटी दोघींच्या चेहऱ्यांमध्ये धरायची आणि तिची नजर कुठल्या कोपऱ्यात स्थिरावते ते पलीकडून बघायचं. महागडी यंत्रं हेच काम कॅमेऱ्याने करतात.

तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी गाऊन आणलेला होता. घालायला सोपा, बसायला सोपा. मी पाटीवर गाऊन, पंजाबी ड्रेस, साडी आणि ‘यातलं नाही’ अशी चित्रं लावली. तिची नजर साडीवर गेली. कोपरे बदलून लावले, तरी साडीवर. आई म्हणाली, ‘अगं, नेसवणार कोण? दोन तास जातील.’ मावशीने शिवलेल्या साडीची तोड काढली. मग रंगाचे तुकडे लावले. दोन वेळा ताईने ‘यातलं नाही’ दाखवलं आणि तिसऱ्या खेपेला मोरपंखीवर थांबली. आई थकून मला म्हणाली, ‘आता दर वेळेला हिला असं विचारत बसायचं का?’ मी म्हटलं, ‘हो.’ दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या माउलीने तीस वर्षं तिला उचललं, भरवलं, धुतलं. त्यात पुन्हा ही भर घालताना मलाही जड जातं. पण उत्तर हेच आहे.

कार्यशाळेतल्या मुलामुलींच्या तक्त्यांवरून वाद होतो तो शरीराच्या चित्रावरून. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं की सगळे खूश : आधी हात धुणे, मग पणत्या, मग डबा, मग रिक्षा. पण माणसाच्या आकृतीत सगळे अवयव दाखवले, त्यांना नावं दिली आणि शेजारी ‘हात लावला’, ‘मला आवडलं नाही’, ‘घाबरले’ ही चित्रं ठेवली की पालक अस्वस्थ होतात. ‘मॅडम, ते तेवढं काढा.’ मी काढत नाही. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात ठरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात संवादाची व्याख्या केलीय, तिच्यात खुणा, ब्रेल, सोपी भाषा यांच्या बरोबरीने बोलण्याला पूरक आणि पर्यायी मार्गही धरलेत. म्हणजे चित्रावर ठेवलेलं बोट हे कायद्याच्या लेखी बोलणंच आहे. पण ज्या मुलीच्या तक्त्यावर फक्त पोळी, पाणी आणि संडास आहे, ती पोलिसांपुढे बोट ठेवणार कशावर?

लोक विचारतात, चित्रांची सवय लागली तर उरलंसुरलं बोलणंही जाईल का? नाही जात. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. उलट काहींना बोट ठेवता ठेवता शब्द सुचतो, कारण न जमल्याचा धसका कमी होतो. दुसरा प्रश्न मोबाईलचा. साधनं चांगली आहेत. मुंबई आयआयटीच्या डिझाईन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ फुकट आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ आहे. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने हजारो चित्रं सगळ्यांना मोफत वापरायला खुली केली आहेत, त्यांतली मी बरीच वापरते. चित्राला हात लावला की मोबाईल बोलतो, त्यामुळे माणसाला पलीकडच्या खोलीतूनही हाक मारता येते. हा मोठा फायदा. पण खेड्यात मी सुरुवात कागदानेच करते. घरातला चांगला मोबाईल शाळा-कॉलेजात जाणाऱ्याबरोबर बाहेर असतो. कागद खाटेला बांधून ठेवता येतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

साधन कुठलंही असो, तक्ता टिकतो की माळ्यावर जातो हे एकाच गोष्टीवर ठरतं : बोलता येणारी माणसं स्वतः त्यावर बोट ठेवतात का. जेवायला वाढताना सुनेने ‘जेवण’वर, डेअरीला निघताना मुलाने ‘डेअरी’वर बोलता बोलता बोट ठेवलं, तर चित्रं घरातली होतात. फक्त आजाऱ्यानेच वापरायची वस्तू आजारीसुद्धा वापरत नाही. आणि प्रश्न विचारून झाल्यावर थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर स्वतः उत्तर देऊन टाकायचं नाही.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी वाचा गेलेलं कुणी मोठं माणूस असेल तर तज्ज्ञ येईपर्यंत वाट बघू नका. आज मोबाईल घेऊन त्यांच्या रोजच्या जागांचे, माणसांचे, कामाचे फोटो काढा. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या आकारात छापा. तळाशी ‘नको’ आणि ‘मला म्हणायचंय ते यात नाही’ घालायला विसरू नका. मग शेजारी बसा, घरातला एखादा खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक नाही असा. आणि उत्तर गैरसोयीचं आलं तरी ते मोजा.